चिठ्ठी डब्याला, झाकणाला नाही

आमच्या सोसायटीतल्या एक बाई या अंकाचं काम बघतात. त्या मागे लागल्या, "संगणकाच्या कंपनीत एवढी वर्षं काढलीत, त्याबद्दल लिहा." मी म्हटलं, "मी तिथे चहा करत होते." त्या म्हणाल्या, "मग तेच लिहा." चहावर लिहिण्यासारखं काही नसतं. पाणी, साखर, पावडर, दूध. उकळला की झाला. म्हणून मी एका मुलीबद्दल आणि तिने लिहिलेल्या एका पानाबद्दल लिहिते. पान संगणकाचं होतं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. तरी ते मला कळलं. का कळलं, तेच सांगायचं आहे.

आधी मी एका कारखान्याच्या कँटीनमध्ये होते. तिथे माणसं भूक लागली म्हणून जेवायची. कारखाना बंद पडला, त्या जागेवर इमारती आल्या, आणि मी कर्वेनगरला एका सॉफ्टवेअर कंपनीच्या पँट्रीत लागले. इथे माणसं कंटाळा आला म्हणून खायची. पँट्री म्हणजे लहानसं स्वयंपाकघर. एक ओटा, दोन शेगड्या, एक फ्रीज आणि भिंतभर डबे. सकाळी नाश्ता, तीन वेळा चहा, उपासवाल्यांचं वेगळं. माणसं साठ आणि नखरे सत्तर. एकाला चहा दिवसातून सहा वेळा लागायचा, पण प्रत्येक वेळी अर्धाच कप. मी एकदा म्हटलं, "तीन वेळा पूर्ण घ्या की." तर म्हणाला, "मावशी, मी चहा कमी करतोय." एकजण मी केलेल्या चहात स्वतःची चहाची पुडी बुडवायचा. त्याला मी काही म्हटलं नाही. काही रोगांना औषध नसतं.

या कामात अवघड असं एकच असतं, आपण नसतानाही दुसऱ्याला सगळं सापडलं पाहिजे. मी सुट्टीवर गेले तर बदली बाईला मीठ कुठे आणि साखर कुठे ते फोन न करता कळायला हवं. म्हणून मी डब्यांना चिठ्ठ्या लावायची. सुरुवातीला झाकणांना लावल्या. ओट्यापाशी उभं राहून वरून बघितलं की चटकन दिसतात. मला फार हुशारी वाटली होती त्याची.

भांडी घासायला कंत्राटदाराकडून आलेली हसीना होती. कसबा पेठेतून यायची. तिच्या घराण्याच्या किती पिढ्या तिथे गेल्या, ते तिलाही मोजता यायचं नाही. काम चोख. शनिवारी ती सगळे डबे, सगळी झाकणं घासून उन्हाला टाकायची आणि सोमवारी लावायची. डबे सगळे एकाच मापाचे. कुठलंही झाकण कुठेही बसायचं.

एका चतुर्थीला मी साठे सरांसाठी वरीच्या पिठाची घावनं केली. साठे सर म्हणजे एका मोठ्या गटाचे प्रमुख. उपास कडक, जीभ त्याहून कडक. तीन घावनं खाल्ली आणि पँट्रीच्या दारात येऊन म्हणाले, "मावशी, आज घावनं फारच मऊ झाली होती. अगदी तांदळाची असावीत तशी."

मी डब्यात हात घातला. पीठ तांदळाचंच होतं. झाकण वरीचं. माझा चेहरा पडला, तो त्यांना दिसला.

"हे कसं झालं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "झाकणं हसीना लावते."

वाक्य खरं होतं. त्यामुळे ते जास्त वाईट होतं. झाकणाला चिठ्ठ्या कुणी लावल्या हे कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. उपासाच्या खाण्यात गडबड झाली आणि भांडी हसीना घासते, एवढं कळल्यावर लोकांना पुढे काही विचारावंसं वाटलं नाही. ते तसं का, हे मला तेव्हाही कळत होतं. मी त्याचा फायदा घेतला. दुसऱ्या दिवसापासून कंत्राटदाराने हसीनाला हडपसरच्या बाजूच्या एका इमारतीत पाठवलं. दोन बस बदलून जायचं. मी गुपचूप सगळ्या चिठ्ठ्या झाकणांवरून काढून डब्यांच्या पोटाला लावल्या आणि कामाला लागले.

आता त्या मुलीबद्दल.

वैशाली पुसदहून आली होती. वारज्याला तीन मुलींबरोबर एका खोलीत राहायची. सहा महिने कच्ची नोकरी, मग साठे सर ठरवणार कायम करायचं की नाही. गावाकडे वडिलांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की पोरगी पुण्यात लागली. कच्ची-पक्की हा भाग त्यांनी कुणाला सांगितला नव्हता. परत जायची वेळ आली तर काय, हे तिला रोज दिसत असे.

तिच्यात एक खोड होती. न कळलं तर ती विचारायची. कंपनीत असं कुणी करत नाही. तिथे न कळलेल्या गोष्टीवर मान हलवायची रीत आहे. मी बैठकीत चहा घेऊन जायची तेव्हा बघायची, वीस माना एकदम हलायच्या, आणि बाहेर आल्यावर तीच माणसं माझ्या ओट्याला टेकून एकमेकांना विचारायची, "तुला काही कळलं का रे?"

एकदा बैठकीत तिने चौथ्यांदा हात वर केला. साठे सर म्हणाले, "वैशाली, तुम्ही एका दिवसात विचारता तेवढं आम्ही नोकरीभर विचारलं नाही." सगळे हसले. तीही हसली, पण हात खाली केला नाही. "सर, पण प्रोजेक्ट आणि एन्व्हायर्नमेंट हे एकच आहे का दोन आहे?" सर म्हणाले, "छान. शुक्रवारी नवीन सहाजण येतायत. त्यांच्यासाठी या सगळ्या शब्दांचा अर्थ सांगणारं एक पान तुम्हीच लिहा. तुम्हालाच सगळ्यात कमी कळतं, तेव्हा तुम्हीच योग्य." मग हसू थांबवून म्हणाले, "त्या पानावरून त्यांना आपापल्या यंत्रावर काम चालू करता आलं पाहिजे. तुमच्या कायम होण्याचं त्यानंतर बोलू."

ती पँट्रीत येऊन बसली. मोठ्याने वाचल्याशिवाय तिला समजायचं नाही, आणि ऑफिसात मोठ्याने वाचायला जागा तेवढी एकच.

शब्द कसले, ते मला समजलं तेवढं सांगते. प्रोग्रॅम लिहिणारे सगळंच स्वतः लिहीत नाहीत. तारखा मोजायचं कुणी लिहून ठेवलेलं असतं, आलेख काढायचं दुसऱ्या कुणी. अशा तयार तुकड्याला पॅकेज म्हणतात. हवे ते तुकडे आणून, त्यांचं एकमेकांशी जमतं की नाही ते बघून, नीट मांडून देणारा एक प्रोग्रॅम असतो. तो पॅकेज मॅनेजर. मला बरेच दिवस तो वरच्या मजल्यावरचा कुणी साहेब वाटत होता, कारण सगळे त्याला शिव्या घालायचे.

मी मेथी निवडत होते. वैशाली त्यांच्या संगणकाच्या भाषेचं पुस्तक वाचत होती, इंग्रजी वाचून लगेच मराठीत सांगत होती.

"ऐका न मावशी. पॅकेज म्हणजे असा प्रोजेक्ट जो दुसऱ्यांना वापरता येते. प्रोजेक्ट म्हणजे जिथे पॅकेज लिहितात ती जागा."

"थांब. पहिल्याचा अर्थ दुसऱ्यात आणि दुसऱ्याचा पहिल्यात?"

"हो न. आणि पुढच्या पानावर त्याच जागेला एन्व्हायर्नमेंट म्हणून राहिले."

"मग हे वाईट लिहिलंय."

"मावशी, जगातल्या मोठमोठ्या लोकांनी लिहिलं आहे हे."

"असतील मोठे. त्यांच्या शेजारी मेथी निवडत कुणी बसलं नसेल."

ती हसली आणि वही माझ्याकडे सरकवून म्हणाली, "मग तुम्हीच बसा. जिथे नाही कळलं तिथे थांबवा मला." तेव्हापासून शुक्रवारपर्यंत ते माझं काम झालं. मला संगणक कळतो असं कुणी समजू नये. मी फक्त "कळलं नाही" म्हणत होते. ते मला फुकट येतं. मात्र ते ऐकून दर वेळी पान फाडायचं आणि न चिडता पुन्हा लिहायचं, हे मी दुसऱ्या कुणाला करताना बघितलेलं नाही. ती सगळं आधी मराठीत लिहायची, मला कळलं की मगच इंग्रजीत करायची. तिचं म्हणणं, इंग्रजीत लिहिताना आपल्याला न कळलेलं झाकता येतं.

मी दिलेले दाखले ती सरळ घेत नसे, हेही मला आवडायचं. मी म्हटलं, "पॅकेज म्हणजे डब्यातलं पीठ."

"नाही मावशी. पीठ वापरलं की संपते. पॅकेज कितीही लोकांनी वापरलं तरी तसंच राहते."

"मग कृती म्हण. पुरणाची कृती शंभर घरी केली तरी संपत नाही."

"कृती चालते." तिने लिहून घेतलं. "मग डिपेंडन्सी? पुरणपोळीच्या कृतीत लिहिलं असते, आधी पुरण करून घ्या. तर पुरणाची कृती ही पोळीच्या कृतीची डिपेंडन्सी. म्हणजे एक कृती आणि एक डिपेंडन्सी, दोन वस्तू झाल्या?"

"दोन कशा? पुरणाची कृती ती कृतीच. पोळीला ती लागते एवढंच."

तिने पेन खाली ठेवलं. समोर भिंतीवरच्या डब्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मावशी, आमच्या घरी चिठ्ठ्या झाकणावर असतात. तुमच्या डब्याच्या पोटावर काहून?"

"झाकणं बदलतात," मी म्हटलं. बाकीचं सांगितलं नाही.

"थांबा, थांबा." ती उठून उभी राहिली. "काही शब्द डब्याचे आहेत. पॅकेज. वस्तूच ती. कुठेही न्या, पॅकेजच. आणि काही शब्द झाकणाचे आहेत. डिपेंडन्सी, एन्व्हायर्नमेंट. ते वस्तूचं नाव नाही, कोण कुठून पाहून राहिलं त्याचं नाव आहे. तीच जागा, मी तिच्यात लिहीत असली तर माझा प्रोजेक्ट. तिथल्या सामानावर काही चालवून राहिली तर माझं एन्व्हायर्नमेंट. या लोकांनी दोन्ही शब्द एकाच रांगेत लावले, म्हणून सगळ्यांचा गोंधळ होते!"

तिने पानाच्या मधोमध रेघ मारली. एका बाजूला वस्तूंची नावं, दुसऱ्या बाजूला नात्यांची. मी पंचवीस माणसांच्या चहाचं आधण विसरले होते, ते आटून गेलं. बाहेरून कुणीतरी ओरडलं, "मावशी, चहा आहे की आठवण?" पण मला ते पान बघायचं होतं. खरंच सरळ झालं होतं. मला शाळेत कुणी असं शिकवलं असतं तर मी पाचवीत गेले असते.

अडचण गुरुवारी आली.

या पॅकेज मॅनेजरच्या दोन याद्या असतात. पहिली यादी माणूस करतो: मला काय काय हवं. दुसरी यंत्र आपोआप करतं: नेमकं काय आलं. मला या याद्या लगेच कळल्या. मी भिंतीवर "तांदूळ" लिहायची, ती पहिली यादी. कधी इंद्रायणी यायचा, कधी कोलम. इंद्रायणीची खिचडी गच्च, कोलमची मोकळी. माझ्यासारखीच खिचडी दुसऱ्या कुणाला करायची असेल तर नुसतं "तांदूळ" सांगून भागत नाही. कुठला आला होता ते सांगावं लागतं. ती दुसरी यादी.

"साठे सर सांगतात की दुसरी फेकून द्या," वैशाली म्हणाली. "यंत्र बनवते, यंत्र पुन्हा बनवून घेईल. इथे कोणीच ती ठेवत नाही. पण पुन्हा बनवली की नवीन तांदूळ येते न मावशी. मी आली तेव्हा माझं यंत्र नऊ दिवस चालत नव्हतं. सगळ्यांनी मला ढ समजलं. मीही समजली. आता कळलं. ती यादीच नव्हती."

"मग?"

"पानावर लिहावं लागेल. दुसरी यादी फेकायची नाही. म्हणजे सर चुकीचं सांगतात असंच लिहिल्यासारखं आहे."

मी तिला सरळ सल्ला दिला. "ती ओळ गाळ. कायम झालीस की मग लिही."

"आणि उद्याचे सहाजण?"

"त्यांचं ते बघतील. तुझं कोणी बघितलं होतं?"

तिने वही परत पुढ्यात ओढली. मग म्हणाली, "म्हणूनच तर, मावशी." आणि ती ओळ लिहिली. ठळक अक्षरांत.

शुक्रवारी मी चहाचा ट्रे घेऊन मुद्दाम त्या खोलीत रेंगाळले. सहा नवी मुलं पान समोर ठेवून बसली होती. सगळं भराभर चाललं होतं. मग त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली, "सर, पानावर लिहिलंय की दुसरी यादी प्रोजेक्टबरोबर असायला हवी. इथे ती नाहीये."

"ती लागत नाही," साठे सर म्हणाले. "कुणी लिहिलं असं?"

मागून आवाज आला, "मी सर."

सगळ्यांनी मागे बघितलं. वैशाली उठून उभी राहिली होती.

"आपण इथे ती ठेवत नाही, हे तुम्हाला माहीत आहे?"

"माहीत आहे सर. म्हणूनच लिहिलं." आणि मग खिचडीसकट सगळं सांगितलं. इंद्रायणी, कोलम, तिचे नऊ दिवस. कुणीतरी खुसखुसलं. साठे सरांनी पान उचललं आणि उभ्याउभ्या वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग आपल्या जागेवर गेले. कुठून तरी त्याच प्रोजेक्टची, फेकायची राहून गेलेली दुसरी यादी शोधून काढली, त्या मुलीच्या यंत्रावर ठेवली आणि पानात लिहिल्याप्रमाणे केलं. यंत्र चाललं. ती यादी काढून पुन्हा करून बघितलं. नाही चाललं.

ते सगळ्यांकडे वळले. "वैशाली बरोबर आहेत. मी इतकी वर्षं चुकीचं सांगत आलो. ज्यांचे दिवस वाया गेले त्यांचे माझ्यामुळे गेले, त्यांच्या अकलेमुळे नाही. यादी आजपासून ठेवायची." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "चहा द्या मावशी. गार झाला असेल. तेवढी चूक तरी तुमची."

चहा गार नव्हता. मी तो तसाच वाटला.

जिभेने तिखट असलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. ती जीभ स्वतःवर चालवणारा हा पहिलाच. आणि ती ओळ गाळली असती तर ते कधीच घडलं नसतं. सल्ला माझा होता गाळायचा. घरी जाताना मला एवढंच दिसत होतं, की कच्च्या नोकरीतली पोर खरं लिहून बसली आणि मी पक्क्या नोकरीत "झाकणं हसीना लावते" म्हणून सुटले.

रविवारी मी कसबा पेठेत गेले. हसीनाच्या घराखाली गाद्यांचं दुकान आहे. जिना चढले. ती तांदूळ निवडत होती.

"या, या. आज कशी वाट चुकलात?"

मी बसलेही नाही. "त्या चिठ्ठ्या झाकणांवर मी लावल्या होत्या. चूक माझी होती."

"ठाऊक आहे की," ती म्हणाली. "झाकणं मीच घासत होते. अक्षर कुणाचं ते मला कळणार नाही होय?"

"मग बोलली का नाहीस?"

"मला विचारलं कुणी?"

मी खाली बसले. ती पुढे म्हणाली, "त्या उपासवाल्या साहेबांना सांगितलंत?"

"नाही."

"मग मला कशाला सांगायला आलात? मला माहीतच होतं. ज्याला माहीत नाही त्याला सांगायचं असतं." आणि चहा ठेवायला उठली. तिच्या घरी एकाही डब्याला चिठ्ठी नव्हती.

सोमवारी साठे सर चहाला आले तेव्हा सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मला वाटलं काहीतरी टोमणा मारतील. ते म्हणाले, "लिहून द्या. बोललेलं कंत्राटदारापर्यंत पोचत नाही."

मी लिहून दिलं. वैशाली म्हणाली, मी लिहून देऊ का? मी नको म्हटलं. पानाच्या मधोमध रेघ मारायची गरज नव्हती. दोन वाक्यं होती: "डब्यांच्या झाकणांवर चिठ्ठ्या मी लावल्या होत्या. हसीनाची चूक नव्हती." खाली सही. कंत्राटदाराने हसीनाला परत यायला सांगितलं. ती आली नाही. तिला घराजवळ एका शाळेत काम मिळत होतं. पण त्या कागदाची एक प्रत तिने मागून घेतली.

वैशाली महिनाअखेर कायम झाली. तिने ते पान ती संगणकाची भाषा बनवणाऱ्या लोकांना पाठवलं. त्यांनी थोडंफार बदलून आपल्या पुस्तकात घेतलं. मदत म्हणून माझं नाव घालते म्हणाली. मी म्हटलं, "कशाला? मला काय काय कळलं नव्हतं ते जगभर सांगायचंय का?"

चौथी सोडल्यापासून, चिठ्ठ्या आणि याद्या सोडल्या तर, मी कागदावर लिहिलेली ती पहिली गोष्ट. हा लेख दुसरी.